ट्रॅक थांबत नाही

मागच्या वर्षी आपल्या मंडळानं 'संगीत सौभद्र'मधले काही प्रवेश बसवले होते, आठवत असेल. त्यात मी प्रॉम्प्टर होते. म्हणजे तुमच्यापैकी कुणीच मला पाहिलं नाही, आणि प्रॉम्प्टर दिसला नाही म्हणजे त्यानं काम नीट केलं असंच समजायचं असतं. उजव्या विंगेत एका उलट्या खोक्यावर मी बसले होते. मांडीवर फाइल, हातात टॉर्च, टॉर्चच्या काचेवर लाल पतंगी कागद गुंडाळलेला. पांढरा उजेड प्रेक्षकांना दिसतो, लाल दिसत नाही. ही युक्ती मला आमच्या नेपथ्यवाल्या मामांनी शिकवली. त्यांचंही नाव कुठल्या पत्रिकेत नव्हतं.

त्या दिवशी काय झालं ते आज पहिल्यांदाच लिहितेय. सुभद्रेचं दुसरं पद सुरू झालं. पहिली ओळ छान गेली, आणि नंतर मुलगी एकदम थांबली. मी शब्द दिला. तिनं माझ्याकडं पाहिलं, तेव्हा कळलं की शब्द तिला आठवतोय, सूरच हातातून सुटलाय. प्रॉम्प्टर शब्द देऊ शकतो, सूर कुठून देणार? मला घाम फुटला.

तेवढ्यात ऑर्गनवाल्या काकांनी चाल वाजवायची थांबवली आणि नुसता षड्ज धरून ठेवला. पायानं भाता चालू, हातात फक्त एकच सूर. तबलजी काकांनी ठेका तसाच फिरत ठेवला, मात्र आवाज अगदी हलका केला. एक आवर्तन गेलं. दुसरं गेलं. मुलगी सखीकडं वळली, तिच्या खांद्यावर हात ठेवला, श्वास घेतला आणि बरोबर समेवर पद पुन्हा उचललं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी एका सरांनी वर्गात खास सांगितलं, "पदाच्या मधला तो पॉज फार सुंदर घेतला हं तुम्ही." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

प्रयोग संपल्यावर पाहुण्यांना शाल आणि नारळ, कलाकारांना गुलाबाचं फूल आणि प्रशस्तिपत्र. मग फोटो. फोटो चालू असताना मी फाइल द्यायला मागच्या दाराकडं गेले, तर काका आणि टेम्पोवाला दोघंच मिळून ऑर्गन पायऱ्यांवरून खाली उतरवत होते. मी एका बाजूला हात लावला. "काका, तुम्ही वाचवलात आज," मी म्हणाले. ते म्हणाले, "वाचवलं कसलं बाळ. पोरगी येतेय की परत. तोपर्यंत आपण थांबायचं, एवढंच." मग टेम्पोचा फळका लावला आणि ते शहापूरला निघून गेले. त्यांच्या मानधनाचं पाकीट त्यांना आठ दिवसांनी मिळालं, तेही त्यांनी स्वतः दोनदा फोन केल्यावर. बॅकस्टेजच्या मुलांना प्रशस्तिपत्रं मिळालीच नाहीत. "पुढच्या वर्षी बघू की," असं आपण म्हणालो होतो.

ते पुढचं वर्ष आलंय. मी आता मंडळाची खजिनदार आहे. आणि पहिल्याच बैठकीत ठराव आलाय की यंदाचे नाट्यप्रवेश रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर करायचे. ऑर्गन नको, तबला नको, टेम्पोचं भाडं नको. पेन ड्राइव्ह आणि एक स्पीकर. खरं सांगायचं तर त्या बैठकीत ट्रॅकच्या बाजूनं पहिला हात माझा वर गेला. हिशेबाची वही समोर होती, काय करणार.

आता मला तो हात खाली घ्यायचाय. का, ते सांगते.

यंदा आम्हाला नाटकाचा पेपर आहे आणि त्यासाठी मी संगीत नाटकाच्या सुरुवातीबद्दल वाचत होते. आपल्या बेळगावला या विषयाचा अभिमान असायला कारण आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म १८४३ साली गुर्लहोसूरचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्यांच्या 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले, आणि १८८२ साली 'सौभद्र' आलं. त्याआधी पुण्यात एका पारशी कंपनीचा 'इंद्रसभा' हा खेळ त्यांनी पाहिला आणि आपल्या भाषेत असं काहीतरी करायचं त्यांच्या मनात आलं, असं सांगतात. पारशी कंपन्या त्या काळात अशा गाण्याच्या खेळांना सरळ 'ऑपेरा' म्हणत. म्हणजे ज्याला आपण शंभर टक्के आपलं समजतो त्या संगीत नाटकाच्या पाळण्याशी ऑपेरा हा शब्द उभा होताच.

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. मला नवीन कळली ती दुसरी गोष्ट, आणि तीही घरातूनच. माझी आजी बार्देशची. तिला नाटक म्हटलं की तियात्रच आठवतो. मी अभ्यास करताना बडबडत होते, ते ऐकून ती म्हणाली, "तुझ्या अण्णासाहेबानं ऑपेरा खुर्चीत बसून बघितला. आमच्या लुकाझिननं पडदा ओढून बघितला."

हा लुकाझिन म्हणजे लुकाझिन्यो रिबेरो. गोव्याहून पोट भरायला मुंबईला गेलेला तरुण. तेव्हा एक इटालियन ऑपेरा कंपनी मुंबईत खेळ करत होती. त्याला ते इतकं आवडलं की त्यानं कंपनीत नोकरीच धरली. गायची नव्हे, पडद्यामागची. कंपनीबरोबर तो हिंदुस्थानातल्या दुसऱ्या शहरांतूनही फिरला. कंपनी पुढं देशाबाहेर निघाली तेव्हा तो तिच्याबरोबर गेला नाही, मुंबईला परत आला. येताना कंपनीचे काही जुने पोशाख त्यानं विकत घेतले होते. त्याच पोशाखांच्या जिवावर, काही गोंयकार मित्रांना जमवून, त्यानं कोंकणीत खेळ बसवला. नाव 'इटालियन भुरगो', म्हणजे इटालियन मुलगा. १७ एप्रिल १८९२, ईस्टरचा रविवार, मुंबईचं न्यू आल्फ्रेड थिएटर. तियात्राचा जन्मदिवस म्हणून आजही हाच दिवस पाळला जातो. त्याच्या सोबत्यांतले जुआंव आगुस्तिन्यो फर्नांडिस पुढं 'पाय तियात्रिस्त' म्हणून, तियात्राचे बाप म्हणून ओळखले गेले. १९०४ साली त्यांची पत्नी रेजिना तियात्राच्या रंगमंचावर उतरली, त्या रंगमंचावरची ती पहिली स्त्री.

मी हे वाचलं आणि बराच वेळ विचार करत बसले. सव्वाशेहून जास्त वर्षं चाललेली, आजही तिकिटं खपवणारी एक अख्खी नाट्यपरंपरा विंगेतल्या माणसापासून सुरू झाली. त्यानं प्रेक्षागृहातून जे दिसतं ते पाहिलं नव्हतं, त्यानं यंत्र आतून पाहिलं होतं. पडदा कधी पडतो, दोन प्रवेशांच्या मधला वेळ कशानं भरतात, पोशाख किती मिनिटांत बदलतो, वादक कुठं बसतात. म्हणून त्याला परत येऊन ते उभं करता आलं. नुसती गाणी पाठ करून आला असता तर फार तर चांगला नकलाकार झाला असता.

आणि हा काही एकटा लुकाझिन नव्हे. आपल्या मराठी रंगभूमीकडं बघा. गोविंदराव टेंबे आधी पेटीवादक म्हणून नावाजले, भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयांच्या मागं बसून साथ करत. मागं बसणाऱ्या त्या माणसानं १९११ साली 'मानापमान'ला चाली दिल्या, आणि १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्या बरोबरीनं ते तिचे मालक होते. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत असत. म्हणजे राजवाडा, अरण्य, नदीकाठ. पुढं त्यांनीच 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० साली काढला. अहमदजान तिरखवाँ साहेबांसारखा तबल्याचा बादशहा कितीतरी वर्षं गंधर्व कंपनीत साथीला बसला. आज त्यांचं नाव घेताना लोक कानाला हात लावतात. पण नाटकाच्या वेळी त्यांची जागा पदाला ठेका देणाऱ्याचीच होती.

याची दुसरी बाजूही आपल्याच समाजातली आहे. गोव्यातल्या पॅरिश शाळांतून मुलांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. त्यातूनच पुढं मुंबईच्या सिनेमा ऑर्केस्ट्रात कितीतरी गोवेकर वादक गेले. सेबास्टियन डिसोझा शंकर-जयकिशनच्या गाण्यांची वाद्यरचना करत. अँथनी गोन्साल्विस यांच्याकडं लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल व्हायोलिन शिकले. 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यामुळं ते नाव सगळ्या देशाला पाठ झालं. मात्र ते एका खऱ्या शिक्षकाचं नाव आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? मलाही मागच्या वर्षापर्यंत ते सिनेमातलं गमतीचं नावच वाटायचं. आमच्या चर्चच्या कॉयरमध्ये तर सगळे ते गाणं म्हणतात.

आता मुद्द्यावर येते. ट्रॅक वाईट का?

पहिली गोष्ट, संगीत नाटक आणि युरोपातला ऑपेरा यांत एक फरक आहे आणि तो आपल्या ठरावाला थेट लागू होतो. ऑपेरात बहुतेक सगळं लिहिलेलं असतं. कुठला सूर, किती लांब, कुठं थांबायचं, हे कागदावर असतं. रंगमंचासमोरच्या खड्ड्यात मोठा वाद्यवृंद असतो आणि कंडक्टर हातातल्या काठीनं सगळ्यांना एकत्र ठेवतो. इटलीकडच्या थिएटरांत रंगमंचाच्या अगदी पुढं एक छोटी पेटीसारखी जागा असते, तिच्यात प्रॉम्प्टर बसतो आणि गायकांना पुढच्या ओळीचे शब्द आधीच देत राहतो. हे वाचून मला फार बरं वाटलं. तिथं माझ्या खोक्याची निदान रीतसर पेटी तरी केलेली आहे.

आपल्याकडं कंडक्टर नाही. पद कधी वाढवायचं, कुठली जागा पुन्हा घ्यायची, 'वन्स मोअर' आला तर काय करायचं, हे गाणारा त्या क्षणी ठरवतो. जुन्या 'सौभद्र'मध्ये शंभराहून जास्त पदं होती आणि खेळ रात्रभर चालायचे ते यामुळंच. आता हे सगळं सांभाळतं कोण? ऑर्गन आणि तबला. ते गाणाऱ्याच्या पाठीकडं बघत असतात. खांदा वर गेला की श्वास घेतला, हे त्यांना कळतं. म्हणजे आपल्या प्रकारात साथीदार हाच कंडक्टर आणि साथीदार हाच अर्धा प्रॉम्प्टर. त्याला काढून ट्रॅक लावला तर नाटकात गाणं उरतं, पण संगीत नाटक उरत नाही. मागच्या वर्षी ट्रॅक असता तर सुभद्रा थांबल्यावर तो पुढं निघून गेला असता. ज्या पॉजचं सरांनी कौतुक केलं तो पॉज ट्रॅकवर मिळाला नसता. मिळाला असता तो फजितीचा.

दुसरी गोष्ट. चर्चमध्ये मी अधूनमधून कीबोर्ड वाजवते, म्हणून हे जवळून पाहिलंय. आमच्याकडं पूर्वी पायानं भाता मारायचा ऑर्गन होता, ज्याला नाटकवाले पायपेटी म्हणतात. आता तो माडीवर धूळ खात पडलाय. भात्याचं कापड उंदरांनी कुरतडलंय. तो बंद पडला तेव्हा दुरुस्त करणारा माणूस शोधला, पण मिळाला नाही. मग कीबोर्ड आला. मग कीबोर्डमध्ये तयार ताल आले. मग एका सणाला कुणीतरी फोनवर ट्रॅकच लावला, आणि त्या दिवशी लोक गाण्याच्या मागं धावत होते. म्हाताऱ्या बायकांना धाप लागली. पूर्वी आमचे मास्तर त्यांच्यासाठी शेवटची ओळ हळू करायचे. कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यांना ते ऐकू यायचं. एक सोय आली की तिच्यामागून एकेक माणूस कमी होत जातो, आणि तो गेल्याचं आपल्याला फार उशिरा कळतं.

ऑर्गनवाल्या काकांचंही तेच. आपल्या भागात संगीत नाटकाला ऑर्गनची साथ करणारे आता किती आहेत, ते नाटकवाल्यांना विचारा. बोटं मोजायला दुसरा हात लागत नाही. त्यांच्याकडं कुणी शिकायला येतं का, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "येतात की. दोन महिने येतात, मग कीबोर्ड घेतात." आपण मराठी वाङ्मय मंडळ म्हणवतो. सीमाभागात मराठी टिकली पाहिजे यावर आपण दरवर्षी वक्तृत्व स्पर्धा घेतो. पण ज्यांच्या बोटांत मराठीचं एक अख्खं शतक शिल्लक आहे, त्यांना वर्षातून एक दिवस बोलवायला आपल्याकडं पैसे नसतील, तर त्या स्पर्धेतल्या भाषणांना काय अर्थ राहिला?

यावर तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे, कारण बैठकीत मीच ते म्हणाले होते.

पैसे नाहीत. हे खरं आहे आणि खोटं पण आहे. मागच्या वर्षीचा हिशेब माझ्याकडं आहे. शालू, दागिने आणि टोप यांच्या भाड्यावर जेवढे गेले त्याच्या निम्म्यात दोन्ही वादक आणि टेम्पो आले होते. स्टेजमागं लावलेल्या फ्लेक्सला तबल्याच्या मानधनाहून जास्त पडले, आणि तो फ्लेक्स आता सायकल स्टँडवर पावसाचं छत झालाय. म्हणजे पैसे दिसणाऱ्या गोष्टींसाठी असतात आणि न दिसणाऱ्यांसाठी नसतात, एवढंच. गंधर्व कंपनीनंही भरजरी पोशाख, गालिचे, अत्तरं यांवर एवढा खर्च केला की ती कर्जात बुडाली, पण तिथं निदान साथीला तिरखवाँ होते. आपण गालिचाचा हट्ट तेवढा घेतला आणि तिरखवाँना सोडलं.

प्रेक्षकांना फरक कळत नाही. कळत नसेल. मीठ नीट पडलेल्या आमटीत मिठाची आठवण कुणाला येत नाही. पण एकदा तियात्र बघून या. तिथं बँड जिवंत असतो, ट्रंपेट, ड्रम्स, कीबोर्ड घेऊन रंगमंचासमोर बसलेला असतो, आणि लोक पदरचे पैसे देऊन तिकीट काढून येतात. प्रवेशांच्या मधे कांतार होतो, लोकांनी तो उचलून धरला की बँड पुन्हा पकडतो. लुकाझिननं ऑपेरा कंपनीत पाहिलेली गोष्ट त्याच्या माणसांनी अजून सोडलेली नाही. त्यांना परवडतं आणि आपल्याला परवडत नाही, हे मला पटत नाही.

ट्रॅकवर मुलांना घरी सराव करता येतो. हे शंभर टक्के मान्य. सरावाला ट्रॅक घ्याच. सगळे घेतात, मीही घेते. काकांना रोज तालमीला बोलवणं त्यांनाही जमणार नाही. पण शेवटच्या चार तालमी आणि प्रयोग त्यांच्याबरोबर व्हायला पाहिजेत. पोहायला शिकताना ट्यूब चालते, स्पर्धेत नाही.

आणि शेवटचा आक्षेप, जो कुणी तोंडानं म्हणत नाही पण मनात असतो: मेहनत तर स्टेजवरचे करतात, मागच्यांचं काय एवढं कौतुक? याला माझ्याकडं फार मोठं उत्तर नाही. फक्त एक विनंती आहे. एकदा मागं येऊन उभे राहा. अंधारात दीड मिनिटात मुनींचा पाट उचलून सुभद्रेचा मंचक ठेवायचा असतो, आणि मंचकाचा पाय खिळ्यात अडकतो. रंगपटात एका वेळी तिघांना दाढी चिकटवायची असते आणि स्पिरिट गमची बाटली एकच असते. घामानं मिशी सुटते. नांदीच्या आधी सगळी कंपनी पडद्यामागं हात जोडून उभी असते, धूप चाललेला असतो, नारळ फुटतो, तिसरी घंटा होते, आणि पडदा ओढणारा मुलगा दोरी हातात धरून ऑर्गनच्या पहिल्या सुराची वाट बघत असतो. त्या क्षणी सगळ्यात जास्त धडधड कुणाची होते, ते मी पाहिलंय. त्या मुलाला नाटक संपेपर्यंत एकही वाक्य बोलायचं नसतं, तरी.

तर माझा प्रस्ताव असा. पुढच्या बैठकीत मी तो लिहून देणार आहे, पण आधी इथं वाचा म्हणजे भांडायला तयार होऊन याल.

एक, यंदाचे नाट्यप्रवेश ऑर्गन आणि तबल्याच्या साथीनं व्हावेत. खर्चाची जुळणी मी देते: फ्लेक्स बंद, शालू घराघरांतून, दागिने कमी. माझ्या आईची एक नऊवारी मी आत्ताच लिहून देते.

दोन, पत्रिकेत साथीदार, नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, कपडेपट, प्रॉम्प्टर, पडदा, सगळ्यांची नावं असावीत, आणि ती कलाकारांच्या नावांएवढ्याच टायपात. 'आणि इतर' हा शब्द यापुढं आपल्या पत्रिकेत नको.

तीन, मानधनाचं पाकीट प्रयोगाच्या आधी, पहिल्या घंटेपूर्वी द्यावं. यासाठी ठराव लागत नाही, खजिनदार म्हणून मी ते करणारच आहे. मागच्या वर्षीच्या उशिराबद्दल काकांची माफीही मागायची आहे. तेव्हा मी खजिनदार नव्हते, पण ते दोनदा फोन करतायत हे मला ठाऊक होतं आणि मी काहीच केलं नाही.

चार, ज्याला यंदा स्टेजवर भूमिका आहे त्यानं पुढच्या वर्षी एक काम मागं करावं. लुकाझिनचं शिक्षण मागंच झालं, आपलंही थोडं होऊ दे.

पाच, आपल्यापैकी एकानं काकांकडं ऑर्गन शिकायला जावं. दोन महिने नव्हे, वर्षभर. कुणीच तयार झालं नाही तर मी जाते. वेस्टर्न नोटेशन मला वाचता येतं, पण काका म्हणतात त्याचा इथं फारसा उपयोग नाही, गाणाऱ्याच्या पाठीकडं बघायला शिकायला लागतं. बघू जमतंय का.

एवढं सगळं वाचूनही बहुमत ट्रॅकच्या बाजूनं गेलं तर मी विरोधात मत नोंदवीन आणि हिशेब नेहमीसारखाच नीट ठेवीन. फक्त एक गोष्ट त्याच बैठकीत ठरवा. काकांनी यंदाची तारीख आपल्यासाठी आधीच राखून ठेवलीय, मागच्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं की तालमी कधीपासून. "यंदा तुम्ही नको," हा फोन त्यांना कुणी करायचा, त्याचं नाव इतिवृत्तात लिहा.